पैसा पोचतो, आवाज अडतो

दुबईत व्हॉट्सॲपवर सगळं चालतं. मेसेज जातो, बुर्ज खलिफासमोरचा फोटो जातो, लग्नाची पत्रिका येते, घरच्या गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ येतो. हिरव्या रिसीव्हरवर बोट ठेवलं की मात्र गाडी अडते. पलीकडे घंटा वाजलीच तरी उचलल्यावर आवाज येत नाही. नव्याने गेलेला माणूस आधी वायफायला नावं ठेवतो, मग फोन बंद करून पुन्हा चालू करतो, शेवटी गावाकडच्या रेंजवर खापर फोडतो. यातलं काहीही बिघडलेलं नसतं. तिथल्या सरकारच्या नियमानेच तो फोन अडवलेला असतो, आणि कित्येक वर्षं तो तसाच अडून आहे.

संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून आवाज नेणं हा परवान्याचा धंदा आहे. परवाना दोनच कंपन्यांकडे: एतिसलात आणि डू. दोन्हींत तिथल्या सरकारी गुंतवणूक संस्थेचा मोठा हिस्सा आहे, आणि दोघींच्या कमाईतला भलामोठा वाटा सरकारी तिजोरीत जातो. म्हणजे नियम करणारा आणि नफ्यात बसलेला एकच. २०१७ च्या अखेरीस तिथे स्काइपही बंद पडलं. लगोलग २०१८ च्या जानेवारीत ‘बोटिम’सारख्या परवान्याच्या ॲपवरून बोलण्यासाठी मासिक पॅक आलं, मोबाइलवर ५० दिरहॅमचं. तेव्हाच्या दराने साडेआठशे रुपयांच्या आसपास. साहेबाला हा आकडा कॉफीच्या बिलात दिसतही नाही. बांधकामावर हजार दिरहॅम मिळवणाऱ्या माणसाच्या पगारातला तो विसावा हिस्सा. इंटरनेटचे पैसे त्याने आधीच भरलेले होते. हे वरचे पन्नास आईशी बोलण्याचे.

सुरक्षेचं कारण पुढे केलं जातं, म्हणून २०१९ ची एक गोष्ट सांगायला हवी. अमिरातीत ‘टोटोक’ नावाचं नवं ॲप आलं. बाकी सगळ्यांचे कॉल अडलेले असताना याचे चालत होते, तेही फुकट, चेहरा दिसेल असे. परदेशी कामगारांनी ते धडाधड उतरवून घेतलं, घरच्यांनाही घ्यायला लावलं. त्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने छापलं की हे ॲप अमिराती सरकारच्या हेरगिरीचं साधन आहे. कंपनीने आरोप नाकारला. गुगल आणि ॲपल दोघांनीही ते आपल्या दुकानातून काढलं. घरापासून दूर राबणाऱ्या माणसापुढे तेव्हा राहिलेले पर्याय बघा: पन्नास दिरहॅम भर, किंवा आपल्या घरातलं बोलणं कोणाच्या कानावर जातंय याची शंका पोटात ठेवून बोल. हे त्याच्यावर लादलं गेलं होतं, त्याने निवडलेलं नव्हतं.

आता खरी चीड आणणारी बाब. सहा दिवसांच्या सहलीला गेलेल्या पर्यटकाचा व्हॉट्सॲप कॉल त्याच दुबईत बहुधा लागतो. कारण तांत्रिक आहे आणि सोपं आहे. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगचं पॅक घेतलं की फोन मनोरा वापरतो तिथल्या कंपनीचा, पण त्याचं इंटरनेट सरळ भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेत येतं आणि तिथून जगात बाहेर पडतं. अमिरातीची चाळणी त्याच्या वाटेत येतच नाही. हॉटेलच्या वायफायवर गेला की तोच कॉल पुन्हा अडतो. म्हणून सहलीहून आलेली मंडळी छातीठोकपणे सांगतात, ‘कोण म्हणतं कॉल लागत नाही? आम्ही रोज बोलत होतो.’ बोलत असाल, पण ते तुमच्या पॅकच्या जोरावर. दोन-दोन वर्षं तिथेच राहणारा माणूस भारतीय रोमिंगवर जगू शकत नाही, त्याला स्थानिक सिमच घ्यावं लागतं. ज्याने उंच इमारती बांधल्या त्याच्या घरचा फोन अडतो, जो त्या बघायला आला त्याचा लागतो.

मार्च २०२० मध्ये महासाथ आली तेव्हा अमिराती सरकारने झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स यांसारखी ॲप खुली केली. कारण दिलं घरून काम आणि घरून शाळा. तंत्राची अडचण एका फटक्यात दूर झाली, कारण ती कधी नव्हतीच. ऑफिसची मीटिंग चालू झाली, व्हॉट्सॲपचा साधा कॉल बंदच राहिला. मग लोकांनी मीटिंगचीच वाट धरली: आईला लिंक पाठवायची, तिने शेजारच्या मुलाला बोलावून ती उघडून घ्यायची, आणि मग मायलेकांची ‘मीटिंग’ सुरू. ज्या घरात असा शेजारचा मुलगा नाही तिथे तेही नाही.

दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. अल कूझ, जेबेल अली किंवा ज्याला तिथे सगळे सोनापूर म्हणतात त्या मुहैसनाच्या लेबर कॅम्पात माणूस कामावरून परततो, अंघोळीच्या रांगेत उभा राहतो, जेवतो, तोवर म्हसळ्यात किंवा चिपळुणात पोरं झोपलेली असतात. पॅक नाही म्हणून तो व्हॉइस नोट पाठवतो. दोन मिनिटं बोलायचं, सोडून द्यायचं. बायको सकाळी ऐकते, चुलीपाशी फोन धरून उत्तर बोलते. ते त्याला दुपारच्या सुट्टीत मिळतं. कोकणातल्या कितीतरी घरांचा संसार असा तुकड्यातुकड्यांत बोलला जातो.

व्हॉइस नोटने काम भागतं, असं म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे. व्हॉइस नोट हे पत्र आहे. बोलण्यात ‘अगं’, ‘हं’, ‘थांब, दूध उतू जातंय’ असतं. मध्येच तोडणं असतं, भांडण असतं, भांडण तिथल्या तिथे मिटवणंही असतं. ‘तब्येत कशी आहे?’ या प्रश्नाला आई ‘बरी आहे’ म्हणते, पण म्हणायच्या आधी ती किती थांबली यावरून मुलाला खरं उत्तर कळतं. व्हॉइस नोटमध्ये ते थांबणं पुसलं जातं, कारण तयारी करूनच बोट ठेवलेलं असतं. घरातली वाईट बातमी चार-चार दिवस दाबून ठेवता येते. धाकट्या मुलाला बापाचा आवाज ओळखीचा होतो, पण आपण विचारलं की बाप उत्तर देतो ही सवयच लागत नाही.

आणि हे सगळं कशासाठी? मुंबई ते दुबई विमानाच्या रेघेने दोन हजार किलोमीटरही भरत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे समुद्राखालच्या केबलमधून आवाज अरबी समुद्र ओलांडायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो, केबलची वळणं धरली तरी फार तर त्याच्या काही पट. नुसत्या आवाजाच्या कॉलला मिनिटामागे एक मेगाबाइटसुद्धा डेटा खर्च होत नाही. त्याच केबलवरून तासन् तास सिनेमे वाहतात आणि कोणी हरकत घेत नाही.

आपल्याकडे येऊ या, कारण दुबईला बोल लावून मोकळं होता येणार नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं. त्यावरून आवाजाने बोलणं मात्र १ एप्रिल २००२ पर्यंत बेकायदा होतं. ३१ मार्च २००२ ला विदेश संचार निगमची परदेशी कॉलवरची मक्तेदारी संपली आणि दुसऱ्या दिवशी इंटरनेट टेलिफोनी कायदेशीर झाली. दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की बंदीचं कारण आपोआप दिसतं. त्या सात वर्षांत अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांचे आईबाप आयएसडी बूथच्या काचेच्या खोलीत पळत्या लाल आकड्यांकडे डोळे लावून बोलत होते. आकडा ठरवलेल्या रकमेपाशी आला की फोन ठेवायचा, वाक्य अर्धं असलं तरी.

पुढेही सरकारने गाठ पूर्ण सोडली नाही. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला. पण इंटरनेट ॲपवरून देशातल्या साध्या फोनवर बोलण्याची वाट नीट मोकळी व्हायला २०१८ उजाडलं. आणि परदेशातून आलेला साधा कॉल? तो आपल्या फोनपर्यंत पोचवायचे पैसे भारतीय कंपनी परदेशी कंपनीकडून घेते. १ फेब्रुवारी २०१८ पासून दूरसंचार नियामक ट्रायने हा दर मिनिटाला ५३ पैशांवरून ३० पैशांवर आणला. त्याच काळात देशातल्या देशात एका कंपनीचा कॉल दुसरीकडे पोचवायचा दर ६ पैसे होता. मनोरा तोच, फोन तोच, शेवटच्या टप्प्याचं काम तेच. नागपूरहून आलेल्या कॉलला ६ आणि शारजाहून आलेल्याला ३०. देशातला दर १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला, परदेशातून येणाऱ्या कॉलवरचा राहिला. परदेशी राबणाऱ्याच्या कॉलवर दोन्ही किनाऱ्यांवर नाके आहेत.

नाके असले की आडवाटा निघतात. २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यात पोलिसांनी बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज पकडलं तेव्हा अनेकांना नवल वाटलं होतं: लातूरला कशाला आंतरराष्ट्रीय एक्स्चेंज? त्याला फार काही लागत नाही. परदेशातला कॉल इंटरनेटवरून आणायचा, खोलीत ठेवलेल्या यंत्रातल्या स्थानिक सिमकार्डातून बाहेर काढायचा, की पलीकडच्या फोनवर तो स्थानिक कॉल म्हणून वाजतो. मुलगा बोलतोय मस्कतहून आणि आईच्या फोनवर दिसतोय कुठला तरी दहा आकडी देशी नंबर. सरकारचा महसूल बुडतो, आणि तो कॉल कुठून आला याचा मागही राहत नाही, म्हणून सुरक्षेलाही धोका. पोलिसांनी असे अड्डे मोडलेच पाहिजेत. पण अड्डा चालतो तो अधिकृत मिनिट महाग ठेवल्यामुळे. मिनिट स्वस्त झालं की अड्डेवाल्याचं दुकान आपोआप बसतं. त्यासाठी छापा लागत नाही.

बंदीचं आणखी एक रूप आपल्या घरचं आहे आणि ते सगळ्यात कठोर आहे. ५ ऑगस्ट २०१९ ला काश्मीरमध्ये लँडलाइन, मोबाइल, इंटरनेट सगळं एकदम बंद झालं. दुबईतल्या, लंडनमधल्या, पुण्यात शिकणाऱ्या काश्मिरींना आपलं घर कसं आहे हे दिवसचे दिवस कळलं नाही. पोस्टपेड मोबाइल बोलू लागायला ऑक्टोबर उजाडला, चांगल्या वेगाचं इंटरनेट यायला फेब्रुवारी २०२१. मणिपुरात २०२३ च्या मे महिन्यापासून महिनोन्‌महिने मोबाइल इंटरनेट बंद होतं. दंगल आवरायला बंदी लागते असं म्हणणारे भेटतात. दंगलीच्या दिवसातच माणसाला घरी फोन करायचा असतो, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवं. अमिरातीच्या बंदीवर टीका करणाऱ्या भारतीयाने आधी या बंदीवर बोललं पाहिजे, म्हणून मी बोलतो आहे.

बंदी उठते तेव्हा कशी उठते, याचा मोरोक्कोत चांगला नमुना मिळाला. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या तिन्ही मोबाइल कंपन्यांनी स्काइप, व्हॉट्सॲप, व्हायबर यांचे कॉल अडवले. फ्रान्स-स्पेनमध्ये राबणाऱ्या लाखो मोरोक्कन माणसांच्या घरचं बोलणं थांबलं. लोक चिडले, कंपन्यांच्या फेसबुक पानांवर तुटून पडले. महिने गेले. नोव्हेंबरात माराकेशला हवामानबदलाची जागतिक परिषद भरायची होती, जगभरचे पाहुणे फोन घेऊन येणार होते. परिषदेच्या तोंडावर बंदी उठली. स्वतःच्या नागरिकांच्या दहा महिन्यांच्या ओरडीने जे होत नव्हतं ते पाहुण्यांच्या येण्याने झालं. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१७ मध्ये अनेक ॲपना वाट दिली, तीही धंद्याला चालना म्हणून. मजुराच्या आईचा उल्लेख कोणत्याच घोषणेत नव्हता. पण दार उघडलं, हे खरं. म्हणजे दार उघडता येतं, आणि उघडल्यावर एकाही देशाच्या टेलिफोन कंपन्या रस्त्यावर आल्या नाहीत.

जाणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. ‘व्हीपीएन टाका, काही होत नाही,’ असं सांगणारे यूट्यूबवर ढिगाने आहेत. होतं. अमिरातीच्या सायबर गुन्ह्यांच्या कायद्यात खोटा आयपी पत्ता (व्हीपीएनने मिळतो तसा) वापरून गुन्हा केला किंवा लपवला तर कैद, किंवा ५ लाख ते २० लाख दिरहॅम दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कॅम्पातल्या पोराला हा सल्ला फुकट देणारा त्याच्या दंडाच्या वेळी उभा राहणार नाही. दुसरी गोष्ट घरच्यांची. ॲपवरून साध्या फोनवर स्वस्तात कॉल लावायची स्काइपची सोय अमिरातीत आधीच बंद होती, ५ मे २०२५ ला ती स्काइपबरोबरच सगळीकडे संपली. घरात कीपॅडचा फोन वापरणारं म्हातारं माणूस असेल तर निघायच्या आधी त्यांच्या हातात स्मार्टफोन द्या, परवान्याचं ॲप त्यावर घालून द्या आणि शेजारच्या खोलीत बसून चार वेळा कॉल लावून दाखवा. विमानतळावरून हे शिकवता येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातल्या भारतीयांनी ११८.७ अब्ज डॉलर घरी पाठवले. त्यातले १९.२ टक्के एकट्या अमिरातीतून आले, आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्रात उतरला. दुबईच्या दुकानांत आता यूपीआय चालतं. दोन देशांच्या झटपट पैशांच्या व्यवस्था जोडायचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये अबुधाबीत झाला. त्याआधी १ मे २०२२ पासून सर्वंकष आर्थिक भागीदारी करार लागू झाला, सोन्यावरचं आणि कपड्यांवरचं शुल्क उतरलं. ही सगळी चांगली कामं आहेत. ती करायला दोन सरकारं कितीदा तरी एका टेबलाशी बसली. सोन्याच्या बिस्किटासाठी जे टेबल मांडता येतं त्याच टेबलावर पस्तीस लाखांच्या वर भारतीयांचा घरचा फोन ठेवायला हवा. रत्नागिरी आणि रायगडच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत लावून धरावा. त्यांच्याइतके आखाताशी जोडलेले मतदार महाराष्ट्रात क्वचितच कोणाकडे असतील. आणि अमिरातीला विचारायला जाण्याआधी भारताने परदेशी कॉलवरचा आपला आकार शून्यावर आणावा, म्हणजे समोरच्याला उलट विचारायला जागा राहणार नाही.

शेवटचं सांगणं तिथल्या मराठी मालकांना आणि ठेकेदारांना. दुबईत, अबुधाबीत तुमचे मेळावे भरतात, सत्कार होतात, ढोल-ताशे वाजतात. तुमच्याकडे गावाकडून आणलेली माणसं कामाला आहेत. त्यांचं राहणं, येण्याजाण्याची बस, आरोग्य विमा हे तुम्ही देताच, बहुतेक कायद्याने द्यावंच लागतं. त्यात कायदेशीर कॉलच्या पॅकचा खर्च घाला, कॅम्पात चांगलं वायफाय द्या आणि संध्याकाळची पाळी अशी लावा की भारतात साडेआठ वाजेपर्यंत माणूस खोलीवर पोचेल. सरकारांची बोलणी वर्षानुवर्षं चालतील. हे तुम्हाला येत्या पगारापासून करता येईल.